दारासमोरची निळी भिंत

चुनकळीवर पाणी पडले की क्षणभर ती गप्प राहते. मग तिच्या पोटातून सुस्कारे निघू लागतात, वाफेला तापल्या दगडाचा वास येतो आणि रांजणातले सगळे खदखदू लागते. पाथरीला सासरी आल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीआधी मी अंगणात उकिडवी बसून तो आवाज ऐकत होते. आदल्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यातली गावे पेटली होती. आमच्या घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. न बोलण्याला आमच्याकडे सभ्यपणा म्हणत.

सासरे हेडमास्तर होते. बैठकीतली दारासमोरची भिंत त्यांनी मला देऊन टाकली होती. “ही तुझी, सूनबाई. हवा तो रंग दे.” उरलेल्या तिन्ही पांढऱ्याच राहणार होत्या. मला माहेरची, सोनपेठकडच्या गोदाकाठची हिवाळी पहाट हवी होती. पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते हे कळत नाही, त्या वेळचा निळा.

चुना द्यायला दरवर्षी गावाबाहेरच्या वस्तीतून एक बाई येत असे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. बाहेरच्या भिंती आणि बैठक तिच्याकडे. स्वयंपाकघर आणि देवघर आम्ही घरच्या बायका रंगवत असू. असे का, ते कुणी विचारत नसे. मीही विचारले नाही.

चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालतात. मी पुडीमागून पुडी रिकामी करू लागले, तशी ती कुंचा थांबवून म्हणाली, “वैनी, बास करा. लय निळं व्हायलंय.”

“वाळल्यावर फिकट होतं ना?”

“व्हतं. पर तुमच्या घराला हा रंग शोभायचा न्हाई.”

मला वाटले, हिला रंगातले काय कळते! मी हसले आणि शेवटची पुडीही ओतली. मग आम्ही दोघींनी मिळून ती भिंत रंगवली. ओल्या चुन्याने माझी बोटे चुरचुरली. दुपारी तिने पाणी मागितले, तेव्हा मी तिच्या ओंजळीत वरून धार धरली. हात भरलेले होते म्हणून नव्हे. तांब्या बाटू नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत भिंत वाळली आणि खरोखरच ती पहाट माझ्या घरात उतरली. उन्हाची शेवटची तिरीप तिच्यावरून घसरत होती. तेवढ्यात समोरच्या घरातले वकील ओट्यावरूनच ओरडले, “काय मास्तर, भिंत तर झाली! आता झेंडा कधी लावायलात?”

रस्त्यावरची दोन-चार माणसे मोठ्याने हसली.

नामांतर मागणाऱ्यांचा झेंडा निळा होता. मला ते ठाऊक नव्हते असे नाही. पण निळा म्हटल्यावर मला आधी नदी आठवावी, इतके माझे आयुष्य सुरक्षित होते.

सासरे आत आले. आवाज चढला नव्हता. “हे कुणाचं काम?”

मी तांदूळ निवडत होते. कविता लिहिताना एकेक मात्रा तोलणारी मी. ओठांवर चार शब्द आयते आले. “तिनं नीळ जास्त टाकली.”

दुसऱ्या दिवशी तिला बोलावणे गेले. ती अंगणात उभी राहिली. सासरे म्हणाले, “इतकी वर्षं चुना देतेस, नीळ किती घालायची ते कळेना का तुला?”

तिने एकदाच माझ्याकडे पाहिले. मी दारात परात धरून उभी होते. तिने वाट पाहिली. एखादे वाक्य बोलून होईल इतकी. मग तिने मान वळवली.

“चुकलं, मास्तर. हात जड पडला.”

सासऱ्यांनी तिला भिंत पुन्हा पांढरी करायला लावली. चुन्याच्या एका हाताने निळा झाकेना. दुसरा दिला, तिसरा दिला. कुंच्याचा सपसप आवाज दुपारभर घरात घुमत राहिला. जाताना मी फराळाचा डबा पुढे केला, तर ती पदराला हात पुसत म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, वैनी. हात जड पडलेल्या बाईला फराळ कशाला?”

पुढल्या दिवाळीला चुना द्यायला दुसरीच कुणी आली. बाजारात ही दिसली की मी भाजीच्या ढिगाकडे पाहू लागे. पुढे बाजारातही ती दिसेनाशी झाली. सासऱ्यांना मी खरे कधीच सांगितले नाही. ते गेले.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या वर्षी आम्ही बैठकीला ऑइलपेंट द्यायचे ठरवले. यजमान म्हणाले, “रंग तूच निवड.” दुकानदाराने रंगांचे पत्रक समोर उलगडले. निळ्याच्याच सात-आठ छटा होत्या, आणि त्यांतली एक अगदी ती होती. बोट तिच्यावर क्षणभर थांबले. या वेळी मला जाब विचारणारे घरात कुणी नव्हते.

मी बदामी रंगावर बोट ठेवले.