बह्यऱ्या कडूबाचं भिरभिरं

आमच्याकडे माणसाचं नाव कडूबा असलं का समजायचं, याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. कडू नाव ठेवलं म्हंजे मरण तोंड वाकडं करून पुढे जाते, असा हिशोब. आमच्या या कडूबाले मरणानं सोडलं, पण जाता जाता कान नेले. लहानपणी दोन्ही कान वाह्यले आन् बंद झाले ते झालेच. बायको तानुबाई त्याच्याशी हातानं आन् ओठानं बोले. कोणी हळहळ केली तं म्हणे, "याले ऐकू येत नाई म्हणून तं संसार टिकला. माहं बोलणं ऐकू आलं असतं तं पह्यल्याच वर्षी गोसावी झाला असता."

वऱ्हाड मध्यप्रांताले जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मुलूख कागदावर निजामाचा, कारभार नागपूरचा, आन् ज्वारीत दाणा भरला का ती पाखरांची. देऊळघाटच्या अंगाले उत्तमरावाचं मोठं वावर होतं. त्याची राखण कडूबाकडे. चार लाकडी बल्ल्यांवर बांधलेला माळा, हातात गोफण, आन् समोर कणसं. कान नसले तरी नजर घारीची होती. पण वय झालं. भाकर खाल्ली का डोळे मिटाले लागले. दुसऱ्या राखणदाराले डुलकी लागली तं भोरड्यांच्या कलकलाटानं जाग येते. हे पाखरू थव्यानं उतरते, आन् उतरलं का बाजार भरल्यासारखा गलका. कडूबाच्या उशाशी बाजार भरला तरी त्याले काय! मागच्या साली तो झोपला आन् नाल्याकडच्या कोपऱ्यात कणसं उभी राह्यली, दाणा गेला.

उत्तमराव वाईट नव्हता. पण दाणा त्याचा होता. त्यानं तानुबाईले सांगून टाकलं, "तानुबाई, औंदा पाहून घेतो. वावरात पाखरू बसलेलं आन् हा झोपलेला दिसला, का त्याच दिवशी माळ्यावरून खाली. मंग रडू नका."

माळ्यावरून उतरला तं बह्यऱ्या म्हाताऱ्याले दुसरं काम कोण देते? गुरं चाराले नेली तं घंटी ऐकू येत नाई. बंडी हाकली तं मागचा 'बाजूले हो' म्हणते ते ऐकू येत नाई. कडूबाले हे कोणी सांगाची गरज नव्हती.

त्यानं भंगार जमवाले सुरुवात केली. घासलेटचा गंजका डबा, बंडीच्या चाकातली झिजलेली लोखंडी नळी, कापसाच्या जिनिंगच्या उकिरड्यावरची वाकडी सळई, तानुबाईचं फुटकं सूप. डबा कापून पाती केली, सळईवर चढवली, माळ्याच्या बल्लीले उंच बांधली. वारा आला, पाती जागची हालली नाहीत. मास्तरासमोरच्या पोरावानी गुमान उभी.

मंग तो धाडच्या बाजारात गफ्फारकडे गेला. गफ्फार डबे झाळे, कंदील दुरुस्त करे. त्यानं पाती पाह्यली आन् हसला. "काका, हे तं वाऱ्याले छाती दाखवून राह्यलं! असा पीळ द्या लागते," म्हणून त्यानं हातातल्या हातात पत्रा पिळून दाखवला. सुपाचं शेपूट मागं बांधायचं, म्हंजे तोंड आपसूक वाऱ्याकडे फिरते, हेही त्यानंच सुचवलं. नळीत वंगण भरून दिलं. कडूबाचा एकच हट्ट होता. मूठ आपटून आपटून तो सांगे, दर फेऱ्याले बल्लीवर ठोका बसला पाह्यजे.

"ठोका? समजलं, समजलं," गफ्फार म्हणाला, आन् जिथे ठोका बसणार तिथे बल्लीले ठोकाले त्यानं एक रिकामा डबा दिला.

दुसऱ्या दिवशी घाटावरचा वारा सुटला आन् सारं गाव दचकलं. ठण्ण, ठण्ण, ठण्ण! शेजारच्या वावरात बैल बिचकले. विहिरीवर बाया म्हणाल्या, "बह्यऱ्यानं पाखरांच्या लग्नाले बाजा लावला व माय!" पाखरं दोन-चार दिवस भ्याली, मंग सरावली. एक होला तं सुपाच्या शेपटावर बसून झोके घेई. आन् कडूबा? तो भाकर खाऊन त्या कल्लोळाखाली खुशाल घोरे.

हे उत्तमरावाच्या कानावर गेलं. दुपार कलताना तो तरातरा वावरात आला. तानुबाई माळ्याखाली भाकरीचं फडकं झाडून राह्यली होती. वर भिरभिरं ठणठणून राह्यलं होतं, आन् कडूबाचं तोंड उघडं.

"पाह्य! पाह्य तुह्या राखणदाराले!"

"पाहून राह्यली," तानुबाई म्हणाली. "आता तुमी वावराकडे पाहा. हाय कुठं पाखरू?"

पाखरू नव्हतं. वाऱ्यानं ज्वारीची ताटं डुलत होती, कणीस एका जागी ठरत नव्हतं. भोरड्या सगळ्या बांधावरच्या निंबावर.

"पण हा झोपला तं हाय ना!" उत्तमरावानं शिडीवर पाय ठेवला.

"मालक, हात नका लावू त्याले. वारा पडू द्या."

उत्तमराव शिडीवरच थांबला. ठणठण मंदावली. एक ठोका, मंग उशिरानं एक, मंग काहीच नाही. ताटं थांबली. निंबावरून थवा सुटला. त्याच दमात कडूबानं डोळे उघडले, कोणाकडे न पाहता उभा राह्यला, आन् गोफण गरगरली. "हाऽऽ हुर्र!" दगड सूं करून गेला. थवा वावरावरून वळला, नाल्यापार गेला.

मंग त्याले शिडीवरचा मालक दिसला.

"कसा उठला बे तू?" उत्तमरावानं हातानं इचारलं.

कडूबानं त्याचा पंजा धरून बल्लीवर ठेवला. वाऱ्याची झुळूक आली, ठण्ण झालं, आन् उत्तमरावाच्या हाताले कोपरापर्यंत हादरा बसला. कडूबानं आपल्या पाठीवर हात मारला. "हे मले निजवते मालक. वारा हाय तवर कणीस हालते, पाखरू टेकत नाई. वारा पडला का हादरा थांबते. हादरा थांबला का मले जाग येते."

उत्तमराव हसाले लागला. दोन्ही कानांत बोटं घालून म्हणाला, "मंग हा कल्ला काहाले?"

कडूबानं त्याच्या कानांतल्या बोटांकडे पाह्यलं, मंग डब्याकडे, मंग बायकोकडे. "वाजते का हे?"

"वाजते?" तानुबाईनं कपाळाले हात लावला. "पार देऊळघाटापर्यंत वाजून राह्यलं!"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगून सांगून माहे हात दुखले. तू म्हणे, लोक कवतिक करून राह्यले!"

डबा त्याच सांजेले उतरला. त्याच्या जागी कडूबानं बाभळीचा ओंडका बसवला. ठोका तोच, आवाज धप्प, बल्लीपुरता. बैल शांत झाले. होला मात्र शेपटावर येत राह्यला.

ज्वारी घरात आली तेव्हा नाल्याकडच्या कोपऱ्यातली कणसं उत्तमरावानं स्वतः हातात घेऊन पाह्यली. दाण्यानं गच्च होती. पुढच्या साली ज्वारी पोटरीत आली तशी त्यानं तानुबाईच्या हाती निरोप धाडला: म्हाताऱ्याले सांग, माळा बांधाले घे, आन् डबा घरीच ठेवजो.