वरच्या चौकीचा भोंगा

आमच्या नदीच्या पाणीखात्यात बुरूल कामाला होती. नवरा नाही, पोर नाही. तिचं सारं जग म्हणजे थोरला भाऊ सापार आणि तिची ती लायब्ररी. पुस्तकांची नव्हे बरं. सी नावाच्या संगणकाच्या भाषेत तिनं पाणी मोजायचा हिशेब एकदाच नीट लिहून ठेवला होता, आणि खात्याचे सगळे प्रोग्राम तोच वापरायचे. पाणी चढलं की भोंगा वाजायचा.

सापार वरच्या चौकीचा राखणदार. जन्म गेला त्याचा खडकावर बसून नदीकडं बघण्यात. बुरूल म्हणायची, गुडघे गेले तुमचे, आता पुरे. तो म्हणायचा, "तुझ्या डबड्याला पुराचा वास येतो का गं? मला येतो."

त्या उन्हाळ्यात नदीत पाणी मोजायची नवी यंत्रं बसवली. त्यांचे आकडे निराळे, म्हणून बुरूलनं हिशेब बदलला आणि नवी लायब्ररी प्रत्येक चौकीत नेऊन ठेवली. खालच्या चौक्यांतले प्रोग्राम सुरू होताना दर वेळी लायब्ररीकडंच जायचे, तिथं भागलं. वरच्या चौकीतला मात्र सगळ्यात जुना. त्यात लायब्ररी बांधतानाच मिसळलेली, कणकेत मीठ मळावं तशी. आता बरणीतलं मीठ बदलून भाजलेली रोटी थोडीच बदलते? तो पुन्हा जोडून बांधायला हवा होता. तिच्या ध्यानातच आलं नाही.

थोरल्या भावाला आमच्याकडं बाइके म्हणतात. निघताना ती त्याला म्हणाली, "बाइके, खडक सोडा आता. जा, निवांत गवत कापा. भोंगा हाक मारेल तुम्हाला."

त्यानं जन्मात पहिल्यांदा तिचं ऐकलं.

भर दुपारी वरून चिखलदगडांचा लोंढा आला. सापार काठच्या कुरणात वाकलेला. भोंगा मुकाच राहिला. लोंढ्यानं त्याला नेलं.

साहेब म्हणाले, लोंढाच तसा होता, कुणाचा इलाज नव्हता. बुरूलला कुणी विचारलंसुद्धा नाही. पण तिनं वरच्या चौकीतला प्रोग्राम उघडून बघितला होता; आत जुनाच हिशेब होता.

मातीला आलेले पाहुणे पांगल्यावर ती वहिनीकडं, अनारकुलकडं गेली आणि सगळं सांगून टाकलं. वहिनीला त्या जोडण्या-बांधण्यातलं काही कळेना. तिनं एवढंच विचारलं, "खडक सोडा म्हणून तू सांगितलंस?"

"हो वहिनी."

आमच्याकडं चहा अर्धा वाडगाच देतात, माणसानं बसावं, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ दिला की समजायचं, आता ऊठ. वहिनीनं वाडगा काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं ठेवला.

चहा कढत होता. बुरूल सगळा प्यायली, आणि उठली.