दुसऱ्याच्या हातची हिरवी

मिस्त्रीला कशाचाही मत्सर वाटू शकतो, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या वर्कशॉपमध्ये नवं लेथ आलं तेव्हा त्याला जेवण गेलं नाही. एका गिऱ्हाइकाने दुसरीकडून इंजिनाचं नोझल साफ करून घेतलं, तर याने त्याच्याशी वर्षभर अबोला धरला. गिऱ्हाइकाला ते कळलंच नाही, कारण मिस्त्री त्याआधीही त्याच्याशी फारसं बोलत नसे.

पण मत्सरालाही काही शिस्त लागते. सगळ्या जगावर सारखाच जळणारा माणूस शेवटी कुणावरच नीट जळत नाही. मिस्त्रीच्या मत्सराला पक्का पत्ता होता, तो म्हणजे त्याचा साडू. हा गृहस्थ धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला लागला, मग लाद्यांचा ट्रक चालवायला लागला, आणि मग ट्रक त्याचाच झाला. पुढे कारखान्यातही त्याचा हिस्सा झाला. तो कुणाशी वाकडा वागला नाही, हा त्याचा मिस्त्रीच्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष. सख्ख्या बहिणींच्या दोन संसारांत तसा फार फरक नव्हता, पण फ्रिजच्या उंचीत बराच होता.

असा हा साडू एका रविवारी सकाळी मिस्त्रीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांतली ही मागची. खिडकीतून डिझेलचा वास आणि शिडाशिवायच्या बोटींचे शेंडे दिसत. मिस्त्रीच्या मते वाससुद्धा दिसत असे.

"दादा, एक जुना ट्रॉलर बघून ठेवलाय," साडू म्हणाला. "घेईन म्हणतो. पण मला बर्फातलं कळतं, बोटीतलं शून्य. तुम्ही एकदा नजरेखालून घाला."

"जुनी घेऊ नका," मिस्त्री न पाहताच म्हणाला. "जुनी बोट म्हणजे दुसऱ्याची दुखणी आणि आपला दवाखाना."

"हिरवी आहे हो. ती, हिरव्या केबिनची. तुम्ही होतात ना तिच्यावर?"

शेगडीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बायकोचा चमचा थांबला. मिस्त्रीने चहाचा घोट घेतला होता, तो बराच वेळ गिळलाच नाही.

होता म्हणजे काय, ऐन उमेदीची सगळी वर्षं मिस्त्री हिरवीवर इंजिन ड्रायव्हर होता. लग्न झालं तेव्हा तो तिच्यावर होता आणि थोरली झाली तेव्हाही तिच्यावरच होता. बायको म्हणे, "मला सवत आहे, फक्त ती डिझेल पिते." हिरवीला अंगभर खोडी होत्या. थंडीत ती सहजी चालू होत नसे. हवा ओढायच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचा, आणि तोही डावीकडून. पंख्याचा शाफ्ट जिथे बाहेर जातो तिथून पाणी ठिबकायचं. ते थांबवायला नट किती आवळायचा हे फक्त मिस्त्रीच्या मनगटाला माहीत होतं. त्याने या खोडी कधी दुरुस्त केल्या नाहीत. माणूस ज्या कुलपाची किल्ली फक्त आपल्याकडे आहे ते कुलूप बदलायला जात नाही.

मग धाकट्याच्या वेळी बायको अडली म्हणून तो काही दिवस दवाखान्यात होता. परत आला, इंजिनघरात उतरला, तर खिळ्याला एक फडकं लटकलेलं. त्याचं नव्हे, दुसऱ्याचं. मालकाने बोट बंद ठेवायची नाही म्हणून तात्पुरता एक ड्रायव्हर घेतला होता. मिस्त्रीने ते फडकं दोन बोटांत धरून वर आणलं, मालकासमोर टाकलं आणि काम सोडलं. "अरे, फडकं आहे ते!" मालक ओरडत राहिला. फडकं आहे हेच तर म्हणणं होतं. त्या तात्पुरत्या ड्रायव्हरला लोक 'नवा' म्हणू लागले. त्याचे केस पांढरे झाले तरी तो हिरवीवर होता आणि अजून नवाच होता.

आता मालकाचे गुडघे गेले होते आणि हिरवी विकायला निघाली होती. ती जाणार होती साडूच्या घरात. मिस्त्रीला जगाकडून फार काही नको होतं. एवढंच व्हायला हवं होतं, की काहीही होवो, हिरवी साडूची होता कामा नये.

"येतो," तो म्हणाला. "बघू तर काय अवस्था केलीय तिची."

दुसऱ्या दिवशी ते गेले, तेव्हा हिरवीला पाण्याबाहेर ओढून लाकडी ठोकळ्यांवर उभी केली होती. मालक प्लास्टिकच्या खुर्चीत, नवा शिडीपाशी. साडू मोठ्या रिकाम्या डोळ्यांनी सगळीकडे बघत होता. जुनी बोट विकणाऱ्याचा पहिला गुन्हा म्हणजे ताजा रंग. हिरवीला ताजा रंग नव्हता. मिस्त्रीला पहिला धक्का तिथेच बसला, कारण रंगाबद्दलचं वाक्य त्याने रात्रीच तयार ठेवलं होतं.

त्याने लहान हातोडी काढली आणि तळाच्या फळ्यांवरून कान लावत चालू लागला. चांगलं लाकूड टणकन उत्तर देतं, कुजलेलं भद्द करून गप्प बसतं. मिस्त्री शेपटाकडून सुरू झाला, कारण दुखणं कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. मागून तिसऱ्या फळीवर हातोडी पडली.

टण.

त्याने पुन्हा मारली. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून दाबलं. टोक आत जाईना.

"ती बदलली," नवा शिडीवरून म्हणाला. "बाजूच्या दोन्हीही. तुमच्या वेळेला ओली असायची म्हणतात."

"ओली नव्हती. दमट होती."

"बरं, दमट."

"कापूस कुणी भरला फटींत?"

"मीच."

"दिसतंच आहे," मिस्त्री म्हणाला. कापूस उत्तम भरलेला होता. फट इतकी सारखी होती की नख फिरवलं तर अडकत नव्हतं. त्याने तरी नख फिरवलं, दोनदा.

शाफ्टला हात घालून त्याने वरखाली हलवून पाहिलं. हलला नाही. साडूने विचारलं, "हे चांगलं की वाईट?"

"घट्ट आहे," मिस्त्री म्हणाला. "घट्ट असणं नेहमीच चांगलं नसतं."

"ठिबकायचं ते बंद केलं," नवा म्हणाला. त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती आणि तेच मिस्त्रीला झोंबलं. "बेअरिंगच बदललं. रोज कोण नट आवळत बसणार?"

मिस्त्री बसत होता. रोज. पहाटे. त्याला वाटलं होतं की ही बोट हाताळणं ही कला आहे. नव्याच्या मते ती एक बिघडलेली बोट होती.

मासळीच्या कोठारात उतरून त्याने वास घेतला, तळाचं साचलेलं पाणी बघितलं, जाळं ओढायच्या विंचचे दात मोजल्यासारखे चाचपले. जिथे जिथे त्याला जुनी खोड आठवली, तिथे तिथे नव्याचा हात फिरून गेला होता. साडूला दाखवायला त्याच्याकडे अखेर एवढंच उरलं, की केबिनचं दार कुरकुरतं, पंप आवाज करतो आणि रेलिंगला एक पोचा आहे. हे त्याने असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं बोट उद्या बुडणार.

"दार मी तेल घालून घेईन," साडू म्हणाला.

"घ्या," मिस्त्री म्हणाला. "तेल घालून जग सुधारत असतं तर काय."

दुपारी भरतीला हिरवीला पाण्यात उतरवली. इंजिनघरात जाताच मिस्त्रीने इंजिनवर तळवा ठेवला. जुन्या इंजिनाच्या विक्रीतला दुसरा गुन्हा म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी ते गरम करून ठेवणं. मग कसलंही इंजिन शहाण्यासारखं सुरू होतं. इंजिन गार होतं. त्याला जरा बरं वाटलं. गार हिरवी सुरू करायची म्हणजे पेटता बोळा हवा, डावी बाजू हवी, मिस्त्री हवा.

नव्याने बटण दाबलं. हिरवी पहिल्याच हिसक्याला सुरू झाली.

मिस्त्रीचा तळवा अजून इंजिनवर होता. तो त्याने सावकाश काढून घेतला आणि पँटला पुसला. ही म्हणजे कुणाच्याही हाताने सुरू होते, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराची त्याला स्वतःलाच जरा लाज वाटली. जरा म्हणजे फारच थोडी.

बोट धक्क्याबाहेर पडली. सुकाणूवर मालकाचा खलाशी, त्याच्याशेजारी साडू. खाली इंजिनघरात दोघेच, मिस्त्री आणि नवा, खांद्याला खांदा लागेल एवढ्या जागेत. सावकाश चालत असेपर्यंत सगळं ठीक होतं. उघड्या पाण्यात वरून आवाज आला, "फुल करा!" नव्याने रेस वाढवली. इंजिन चढलं, चढलं, आणि एकदम दम लागल्यासारखं खाली आलं. पुन्हा चढलं, पुन्हा बसलं. चिमणीतून खोकल्यासारखे आवाज येऊ लागले.

वरून साडू वाकून ओरडला, "काय झालं, दादा? म्हातारी झाली का?"

"वय झालं असेल," नवा पटकन म्हणाला. "भार सोसत नाही."

मिस्त्रीला हवं होतं ते असं आयतं ताटात येऊन पडलं. त्याला फक्त मान हलवायची होती. "इंजिन खलास," असे दोन शब्द म्हटले असते तर साडूने दुसरी बोट शोधली असती, बायको रात्री दोन वेळा उसासली असती आणि विषय संपला असता. त्याने मान हलवायला घेतलीसुद्धा.

पण त्याचे कान मानेनात. हा आवाज म्हातारपणाचा नव्हता. हा उपाशी इंजिनाचा आवाज होता. त्याने नव्याकडे पाहिलं. नवा त्याच्याकडे बघत नव्हता. जिकडे बघायचं टाळत होता, तिकडे मिस्त्रीने बघितलं. टाकीखाली डिझेलच्या नळीवर कॉक होता. तो अर्धा बंद होता.

"हे तू केलंस?"

नवा हात पुसू लागला.

"अरे बोल ना! तू आवळलास?"

"मग काय करू?" नवा दबक्या आवाजात म्हणाला. "बर्फवाला घेणार, आणि ड्रायव्हर कोण? त्याचा साडू. गावाला कळतं, मला कळणार नाही? आयुष्य घातलं मी हिच्यात. तुम्ही एका फडक्यापायी सोडून गेलात, मिस्त्री, मी नाही गेलो. आता विक्री मोडली तर तुमचंही भलंच आहे. मघापासून दार कुरकुरतं, दार कुरकुरतं चाललंय तुमचं, मला काय दिसत नाही?"

यातला प्रत्येक शब्द खरा होता. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, आणि ती आता दोघांमध्ये अर्धा फिरलेल्या एका कॉकवर येऊन थांबली होती. समजूतदार माणसांनी अशा वेळी हात मिळवले असते.

मिस्त्रीने नव्याला कोपराने बाजूला सारलं. तिच्या खोडी काढल्या, हे एक वेळ सोसलं होतं. तिचा गळा दाबून तिला परक्यासमोर म्हातारी म्हणवून घेणं, हे मात्र नाही. तिला म्हातारी म्हणायचा हक्क कुणाला असेल तर तो मिस्त्रीला होता, आणि तो ते कधीच म्हणाला नव्हता. त्याने कॉक पूर्ण उघडला. हिरवीने एक लांब श्वास घेतल्यासारखा केला आणि अशी पळू लागली, की वर साडूची टोपी उडून पाण्यात गेली.

"अरे वा!" साडूचा आवाज आला. "काय केलंत, दादा?"

"काही नाही," मिस्त्री वर ओरडला. "नळीत हवा होती."

नव्याने त्याच्याकडे पाहिलं. मिस्त्रीने दुसरीकडे पाहिलं. त्याला वाचवायचा मिस्त्रीचा हेतू नव्हता. पण ती भानगड हिरवी धरून त्या तिघांतली होती, आणि साडूला निदान त्यात तरी हिस्सा मिळू द्यायचा नव्हता.

धक्क्यावर परत आल्यावर साडूने मालकाच्या हातात हात दिला. व्यवहार झाला. हिरवी साडूची झाली, आणि ती मिस्त्रीच्या हाताने झाली. साडू आता ड्रायव्हरकीचं विचारणार हे उघड होतं. मिस्त्रीने उत्तर मनात घोळवून ठेवलं. 'नको. तुमच्या हाताखाली नाही जमणार. राहू द्या.' 'राहू द्या' कितपत ताठ म्हणायचं, याचीही त्याने दोन प्रकारे तालीम केली. तिसरा प्रकार जरा मऊ होता. समोरच्याने आणखी आग्रह केलाच, तर तोही उपयोगी पडला असता.

साडू त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाजूला घेऊन गेला.

"दादा, एक विचारू? तो नवा माणूस कसा आहे?"

मिस्त्री थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे त्यालाच ठेवतो आहे. तुम्हाला विचारलं असतं, पण ते काही बरं दिसलं नसतं. तुम्ही घरचे मोठे. तुम्हाला हुकूम कसा सोडणार मी? फक्त तुम्ही सांगा, माणूस भरवशाचा आहे ना?"

थोड्या अंतरावर नवा दोर गुंडाळत होता, एकच वेटोळं पुन्हा पुन्हा सोडून. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. बदललेल्या फळ्या आठवल्या, बेअरिंग आठवलं, पहिल्या हिसक्याला सुरू झालेलं इंजिन आठवलं.

"हात चांगला आहे त्याचा," तो शेवटी म्हणाला. हे बोलायला त्याला इतके कष्ट पडले की आवाज चिडल्यासारखा आला, आणि साडूने समजूत करून घेतली की दादा थकले.

तो घरी पोचला तेव्हा बायको भाजी चिरत होती. साडूची बायको, म्हणजे तिची धाकटी बहीण, तिला बोटीतल्या प्रत्येक गोष्टीची बातमी तासातासाला देत होती, हे पाटाशेजारी सारख्या उजळणाऱ्या फोनवरून स्पष्ट दिसत होतं.

"मग? झालं का?" तिने विचारलं.

"झालं. घेतली त्याने." मिस्त्री हात धुवायला वळला. नळाच्या आवाजाआडून तो म्हणाला, "मला म्हणत होता, ड्रायव्हर म्हणून या. मी नाही म्हटलं."

सुरी क्षणभर थांबली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "तुम्ही गेला असतात तर त्याची पंचाईत झाली असती."

"तेच म्हटलं मी त्याला," मिस्त्री म्हणाला, आणि बराच वेळ हात धूत राहिला.