दुसरा प्रश्न

शालिनीला मी शेवटची भेटले ती रामदासपेठेतल्या इस्पितळात. मी तिच्या खाटेशी बसून मोसंबी सोलत होते. डॉक्टरांनी बाहेर व्हरांड्यात मला नुकतंच सगळं खरं सांगितलं होतं. तिने विचारलं, "डॉक्टर काय म्हणून राहिले वं, सुधे?" मी म्हटलं, "काय म्हणणार... पुढच्या आठवड्यात घरी सोडतील." ती माझ्याकडे बघत राहिली. मग ती "बरं" म्हणाली आणि तिने मोसंबीची फोड मागितली. तिला जाऊन आता काही आठवडे झाले, पण तिचं ते "बरं" अजून माझ्या कानात आहे. त्यात काय होतं हे सांगायचं तर आमच्या कॉलेजपासून सुरुवात करावी लागेल.

मी भित्री आहे हे आमच्या घरात सर्वमान्य होतं. कॉलेजात फ्रेंच घेतलं तेही संस्कृतच्या सरांना घाबरून. शालिनीचं कारण वेगळं होतं. तिचे बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्यांना दहाएक वर्षं झाली होती आणि मुलीच्या शिक्षणाचा त्यांनी फार बारकाईने विचार केला होता. "संस्कृतात बाकीच्या पोरी घरूनच शिकून येतात," ते म्हणायचे. "फ्रेंचमंधी कोणाचाच आजा पुढे नाही. सारे एकाच लायनीत." त्या लायनीत शालिनी माझ्या शेजारी येऊन बसली आणि मग उठलीच नाही.

पुस्तकातली वाक्यं मोठी थोर होती. काकांचा घोडा बागेत आहे, राजदूताची कन्या पियानो वाजवते. शालिनी वैतागायची. "घोड्याचं कोण विचारून राहिलं? भूक लागली तर काय म्हणायचं, ते सांगा ना बाई." मग कँटीनमागच्या कडुनिंबाखाली आम्ही दोघी रोजची वाक्यं फ्रेंचमध्ये वळवत बसायचो. एखादं काम आत्ता चालू आहे हे सांगायला फ्रेंचांकडे 'आँ त्रँ द' असा खास प्रयोग आहे, हे कळलं तेव्हा ती हरखून गेली. "आपण 'जेवून राहिलो' म्हणतो तर पुण्याचे लोक हसतात. पाह्य, हे पॅरिसवाले भी जेवूनच राहिले." भूक, तहान, थंडी, भीती या गोष्टी फ्रेंचमध्ये लागत किंवा वाटत नाहीत, त्या माणसाजवळ 'असतात'. हे मला न शिकवताच कळलं. माझी भीती हातातल्या पिशवीसारखी कायम माझ्याजवळच असायची. शालिनीजवळही एक होती, चुकण्याची. त्यावर तिने आपला उपाय काढला होता. कुठलीही गोष्ट ती दोनदा विचारायची आणि दुसऱ्यांदा अगदी घरगुती, चुलीपाशी बोलावं तशा शब्दांत. "एक वाक्य फसलं तर दुसरं तरी पोचेल," ती म्हणायची.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी तिच्या क्वार्टरवर गेले होते. भर दुपारी तिचे बाबा सायकल दामटत आले. तापाने फणफणलेल्या एका फ्रेंच बाईला गाडीतून उतरवून रामदासपेठेतल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. "म्या सायबाले सांगतलं, माही पोरगी फ्रेंच बोलते. चाल." शालिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, मी फक्त लिहिते. बोलली कधी?" खरंच होतं ते. फ्रेंच माणूस आम्ही जन्मात पाहिला नव्हता आणि आमच्या बाई सुट्टीत बाहेरगावी होत्या. साहेबाला शब्द देऊन आलेला तो माणूस दारातच घाम पुसत उभा राहिला. शालिनीने त्यांच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि माझा हात धरला. "तू भी चाल. भीती आहे ना जवळ? असू दे. तिले भी घेऊन जाऊ."

बाई तिशीची असेल. तिच्या छातीचा भाता दारातूनच ऐकू येत होता. न्यूमोनिया होता आणि डॉक्टरांनी पेनिसिलिन भरून तयार ठेवलं होतं. "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, एवढं विचारा." शालिनीने विचारलं, आवाज फाटलेला. बाईने डोळे न उघडता "नों" म्हटलं. याचा अर्थ सांगायला कुणाची गरज नव्हती. डॉक्टर पुढे सरकले.

"थांबा. मले अजून एकदा विचारायचं आहे."

"उत्तर दिलं ना तिने?"

शालिनीची नखं माझ्या मनगटात रुतली होती. पुरे कर गं, डॉक्टर चिडतील, एवढंच मी मनात म्हणत होते. माझी झेप तेवढीच. ती मात्र खाटेवर वाकली आणि लहान लहान वाक्यांत विचारू लागली. लहानपणी कधी सुई टोचली होती? मग काय झालं? अंगावर काही उठलं का? आई काय म्हणाली? आईचं नाव निघताच बाईने डोळे उघडले. धापा टाकत ती बोलू लागली आणि तिचा हात गळ्याकडे गेला... लहानपणी हेच औषध टोचल्यावर तिचं तोंड सुजलं होतं, श्वास कोंडला होता. हे पुन्हा घ्यायचं नाही, असं आईने बजावलं होतं. 'ॲलर्जी' हा डॉक्टरी शब्द तिने त्या जुन्या दुखण्याशी कधी जोडलाच नव्हता.

डॉक्टरांनी सुई ठेवून दिली आणि दुसरं औषध सुरू केलं. बाई वाचली. शालिनी बाहेर आली आणि नळापाशी बसून भडाभडा ओकली. तिचे बाबा कंपाउंडरला सांगत होते, "बोलली ना माही पोरगी?"

पुढे ती शाळेत शिकवू लागली. फ्रेंच मागे पडलं, सवय राहिली. नवरा हिंगण्याच्या कारखान्यातून आला की ती विचारायची, "जेवले का?" तो "हो" म्हणायचा. "कोणती भाजी होती डब्यात?" असं विचारलं की खरं बाहेर यायचं. माझ्या संसारातले वाईट दिवस चालू असताना ती मला सीताबर्डीच्या बाजारात भेटली. "कशी आहेस वं?" मी म्हटलं, "बरी." "रात्री झोप लागते?" मी भर रस्त्यात रडू लागले. सगळं जग पहिला प्रश्न विचारून पुढे जातं. ती थांबायची.

म्हणून त्या दिवशी मोसंबीची फोड तिच्या हातात देऊन मी जीव मुठीत धरून बसले होते. आता ती साध्या शब्दांत विचारणार, मी जगेन का, आणि मला खोटं बोलता येणार नाही. ती फोड चोखत राहिली. भेटीची वेळ संपली, नर्स आली, मी उठून दारापर्यंत गेले. तिने विचारलं नाही. जन्मभर एका उत्तरावर कधी न थांबलेल्या माझ्या मैत्रिणीने माझं ते खोटं उत्तर तसंच ठेवून घेतलं. तिला कळलं होतं. माझ्याजवळ भीती आहे, तेही कळलं होतं.

अजूनही कुणी "कशी आहेस" विचारलं की मी "बरी" म्हणते. आणि लगेच निघत नाही. जरा थांबते...