डावीकडे ओढणारी गाडी

डूख धरावा तर नागाने, असं म्हणतात. आमच्या वस्तीवर तो रतनवहिनीने धरला आणि दोन वर्षं नीट सांभाळला. मी तो जवळून पाहिला, कारण त्यातला थोडा माझ्या वाट्याचा होता.

रतनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. मागे ही, मुलगी निकिता आणि दोन जर्सी गाई. मिरजगावच्या रस्त्याला आमचा फाटा आहे, तिथे पत्र्याच्या खोलीत बन्सीची डेअरी होती. सगळ्या वस्तीचं दूध तिथेच जायचं. दुधात पाणी आहे का ते बघायची काचेची नळी बन्सीच सोडणार, तोच वाचणार, तोच डिग्री सांगणार. आपण मान डोलवायची. एका सकाळी वहिनी म्हणाली, "बन्सीभाऊ, मला बी बघू द्या की डिग्री."

एवढ्यावर बन्सीचं डोकं फिरलं. "बाईमानसानं दूध घालावं, डिग्र्या बघू न्हाई!" म्हणाला आणि भर रांगेत ओरडला, "पानी हाय ह्यात!" तिचं चौदा लिटर दूध त्याने गटारात ओतलं. रांगेत तिच्यामागे मी होतो. भांड्यात नळी अजून तरंगत होती, ती मी वाकून पाहिली होती. एकोणतीस. पाण्याचा थेंब नव्हता. पण पुढचा नंबर माझा होता. मी माझ्या कॅनच्या झाकणाकडे बघत राहिलो.

तेव्हापासून पोरं तिला 'पाणीवाली' म्हणायला लागली. निकिताला ते कॉलेजच्या एसटीत ऐकावं लागलं. वहिनी रडली नाही, भांडली नाही. चार बायकांत एवढंच म्हणाली, "ह्या वस्तीचं दूध बन्सीच्या दारावरनं जाईल, दारात जानार न्हाई." उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून आम्ही हसलो.

त्याच सुमाराला बन्सीने चारचाकी घेतली आणि आपली साडेतीनशे सीसीची मोटारसायकल मिरजगावला सूर्यभान मिस्त्रीकडे विकायला लावली. वहिनीने एक कालवड विकली आणि तीच गाडी पसंत केली. सूर्यभान भला माणूस. म्हणाला, "मावशी, घेऊ नका. बन्सीनं डिव्हायडरला घातलीती. चेसी वाकलीय, डावीकडं वढती."

"वढू द्या," वहिनी म्हणाली. "कुनाच्या हातची हाय, ते ठावं हाय मला."

कोरड्या पाझर तलावाच्या तळात निकिताने तिला शिकवलं. किकने उलटा दणका दिला, नडगी सोलवटली. गाडी अंगावर पडली, सायलेन्सरने पोटरी भाजली. वहिनीने हळद लावली आणि पुन्हा बसली. साडीचा काष्टा, वर नवऱ्याचा जुना शर्ट, आणि खाली ते दोन माणसांच्या वजनाचं धूड. महिन्याभरात तिसऱ्या किकला गाडी चालू व्हायला लागली. पहिल्या दोन किका ती बन्सीच्या नावाने मारते, असं निकिता सांगायची.

गाडीचं दुखणं काही कमी नव्हतं. इंजिनातून तेल ठिबकायचं. वहिनी खाली डब्याचं झाकण ठेवायची आणि सकाळी त्यात किती साठलं ते बघून तेवढं तेल वरून घालायची. साखळी आठवड्याला ताणायची. डावीकडची ओढ मोडावी म्हणून उजव्या बाजूचा कॅन काठोकाठ भरायची आणि डावा थोडा रिकामा ठेवायची. मागच्या मडगार्डवर लाल अक्षरात 'बन्सीदादा' लिहिलेलं होतं. सूर्यभान ते खरवडून द्यायला तयार होता, तिने हात लावू दिला नाही. रोज कॅन बांधण्याआधी ती अक्षरं ओल्या फडक्याने पुसायची.

ती दारोदार थांबायची. स्वतःची नळी घेतली होती. दुधात सोडायची आणि घरच्या माणसाला म्हणायची, "वाचा, तुमीच." दुसरं काही बोलायची नाही. आधी दोन घरं झाली, मग पाच, मग अकरा. सगळं दूध घेऊन ती हायवेवरच्या चिलिंग सेंटरला जायची. फाट्यावर डेअरी डाव्या हाताला, आणि गाडी नेमकी तिकडेच ओढायची. वहिनी त्याच्या दारासमोर हँडल आवळून गाडी उजवीकडे खेचायची आणि रेस वाढवायची. बन्सी आधी हसला. मग शिव्या देऊ लागला. पुढे पुढे आवाज आला की आत जाऊन बसायचा.

माझ्या दारात मात्र ती कधी थांबली नाही. बाकीच्यांच्या दारात ब्रेक, माझ्या दारात गिअर. मला तिचा भयंकर राग यायचा. चूक माझी आणि राग तिच्यावर, असा मी माणूस. शेवटी बन्सीकडे दूध घालणारा मी एकटा उरलो. माझ्या आठ लिटरसाठी डेअरीचं दूध न्यायला टेम्पो कोण पाठवणार? गेल्या पोळ्यानंतर डेअरी बंद पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा आणि बन्सी त्याच्या घरच्या दुधाचा, असे कॅन घेऊन आम्ही फाट्यावर उभे होतो. एसटीची वाट बघणारी पाच-सहा माणसंही होती. वहिनी आली आणि पहिल्यांदाच तिथे थांबली.

"रतनबाई, झालं गेलं सोडा आता," बन्सी म्हणाला आणि त्याने कॅन पुढे केला.

तिने भांड्यात दूध घेतलं, नळी सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. "भावजी, वाचा."

मी वाकलो. "एकोनतीस."

"मंजी?"

"चांगलं हाय."

"मोठ्यानं."

"चांगलं हाय दूध!" मी ओरडलो. एसटीवाली माणसं वळून बघायला लागली.

वहिनीने बन्सीचा कॅन उचलला आणि शांतपणे, शेवटचा थेंब निथळेपर्यंत, रस्त्यावर ओतला. रिकामा कॅन तिने त्याच्या पायाशी ठेवला. मग म्हणाली, "माझं बी एकोनतीसच हुतं. तवा तुमाला वाचता येत नव्हतं का, भावजी?"

तिने तीन किका मारल्या. गाडीने आमच्या बाजूला ओढ घेतली, बन्सी दचकून मागे सरला. तिने ती उजवीकडे खेचली आणि हायवेकडे निघून गेली. माझ्या कॅनचं झाकणसुद्धा तिने उघडून पाहिलं नाही.

मी कॅन उचलून घरी आलो. तो भरलेला बघून बायकोने विचारलं, "परत का आनलं?"

"डिग्री बसली न्हाई," मी सांगितलं.