मार्थाचा तांदुळजा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि देवाला? — रविवारी उपासनेत पापं कबूल करायची वेळ आली की मी रागाचं सांगते, आळसाचं सांगते, हे तेवढं गिळते. तुम्हाला सांगते. तुम्ही श्रीरामपूरचे नाही, एवढं पुरे.

आमच्या घरात पालेभाजी माझी. मेथी, चुका, चाकवत — लग्नानंतर अकरा वर्षं मीच. सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, निमूट जेवायचे. चांगली म्हणाले नाहीत, वाईटही नाही. मग धाकटी जाऊ आली, मार्था. वसतिगृहात वाढलेली, तिची भाकरी गोल कधी व्हायचीच नाही. मी निश्चिंत. आणि आठव्या दिवशी तिनं तांदुळजा केला — लसूण, हिरवी मिरची, मूठभर मुगाची डाळ, बस. मामांनी ताट पुसून खाल्लं. म्हणाले, "अशी भाजी या घरात कधी झालीच न्हाई."

कधीच? मग अकरा वर्षं मी काय गवत वाढत होते?

तरीही मी काही केलं नसतं — खरंच नसतं, बहुतेक. पण आमच्या नणंदेला, एस्तेरला, बघायला घोडेगावची मंडळी यायची ठरली, आणि मामा म्हणाले, "कोंबडी कुनी बी करतं. मार्थाचा तांदुळजा हुंद्या."

पाहुण्यांची जीप दारात आली तेव्हा भाजी शिजत आली होती. मार्था घाबरलेली. "ताई, मीठ घातलंय, पन चाखायचं राह्यलंय."

"तू साडी नीट कर, मी बघते."

चाखली. सुरेख झाली होती. इथंच थांबायला हवं होतं, नाही? मी मिठाच्या डब्यात हात घातला. चिमूट नव्हे — मूठ. आणि नीट ढवळली.

पहिल्या घासाला मुलाच्या वडिलांनी भाकरीचा तुकडा मोठा मोडला. दुसऱ्याला त्यांनी तांब्या जवळ ओढला. एस्तेर पाणी वाढत राहिली, इकडून तिकडे, न थकता. सासूबाईंचा चेहरा पडला. मोडलं पोरीचं लग्न, मला वाटलं. मूठ भरताना ती पोर माझ्या ध्यानातच नव्हती — हे सांगायला जीभ रेटत नाही.

उठताना मुलाची आई म्हणाली, "पोरगी लई मायाळू हाय बगा. सारखी पानी इचारती. आमाला पसंत."

एस्तेरचं भलं झालं. म्हणून मी सुटले? मार्था मागच्या दारी रडत बसली होती. "माज्याच हातनं दोनदा पडलं असंल ताई. घाबरले की मला काय आठवत न्हाई."

आणि मी काय केलं? तिला जवळ घेतलं. "होतं गं असं," म्हणाले, आणि त्याच खारट हातानं तिचे डोळे पुसले. ती आणखीच रडली.

पंधरा वर्षं झाली. मार्था अजून सगळ्यांना सांगते, "त्या दिवशी ताई होत्या म्हनून निभावलं." पालेभाजी ती करते, पण मीठ घालत नाही. मला हाक मारते. परवाच्या रविवारीही मारली. मी घातलं, अगदी बेताचं.

जेवताना मामा म्हणाले, "मीठ घालावं तर थोरलीनंच."

मार्था माझ्याकडे बघून हसली — कौतुकानं. मी मान खाली घालून आणखी एक भाकरी घेतली.