बिराजदार सर आणि डोक्याचा नियम

बिराजदार सर रग्बीचा सामना कधी बसून बघत नसत. अक्कलकोट रस्त्याला, आमच्या शाळेपासून जवळच, रियाजचं टायरचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही तिघं मागच्या खोलीत जमायचो. मी आणि रियाज जुन्या टायरांच्या चळतीवर बसायचो आणि सर हाताची घडी घालून सामना संपेपर्यंत उभे. पडद्यावर एखादा खेळाडू आडवा पडून राहिला, की ते त्याला ओरडून सांगायचे, "ऊठ की रं! आई बघतीय न्हवं का!" खेळाडू न्यूझीलंडचा असो की फ्रान्सचा, त्याला देशी मराठी कळत असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मल्लिनाथ बिराजदार आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक. मी तिथेच विज्ञान शिकवतो. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडचं; घरात कन्नड, बाहेर मराठी. तरुणपणी फौजेत गेले आणि तिथे पलटणीच्या संघातून बरीच वर्षं रग्बी खेळले. नोकरी संपवून सोलापुरात आले ते एक अंडाकृती चेंडू बरोबर घेऊनच. शाळेतल्या पोरींना त्यांनी तो खेळ शिकवायला घेतला, तेव्हा पालकांची रांग लागली. एका आईनं विचारलं, "ह्यात नेमकं करायचं काय असतंय, सर?" सर म्हणाले, "चेंडू कायम मागच्याच्या हातात द्यायचा आन् आपण पुढं पळायचं. संसारात तुमी करताच की." त्या बाईची मुलगी दुसऱ्या दिवसापासून सरावाला आली. सराव संपवायचा झाला की सर शिट्टी वाजवत नसत, हात वर करून "साकु!" म्हणायचे. साकु म्हणजे कन्नडमध्ये बास. कन्नडचा गंध नसलेल्या पोरीही मग घरी जेवताना ताटावर हात धरून "साकु" म्हणू लागल्या.

रियाजच्या खोलीत आमची जी चर्चा चाले, ती ऐकणाऱ्याला वाटलं असतं की जगातले सगळे संघ आमच्या सल्ल्याची वाट बघत आहेत. कुठल्या देशानं प्रशिक्षकाला काढलं, कुणाचा गुडघा गेला, कुणाचा खांदा निखळला, हे सगळं तिथे निकाली निघे. सर नेहमी प्रशिक्षकाच्या बाजूनं. "कोच बदलणं म्हंजे पाऊस पडला न्हाय म्हणून पुजारी बदलल्यासारखं हाय," असं त्यांचं मत. यावर रियाज म्हणायचा, "सर, नया कोच लाए तो क्या होता? घुटने तो नए नै आते ना!" आणि शेंगाची चटणी लावलेली कडक भाकरी सगळ्यांच्या हातात द्यायचा.

एका विषयावर मात्र सर चिडायचे. तो विषय डोक्याचा. समोरच्याला कवेत धरून खाली पाडणं, म्हणजे टॅकल, हा रग्बीचा प्राण. अलीकडे ठिकठिकाणी टॅकलची उंची खाली आणायला, म्हणजे समोरच्याला छातीच्या खालीच धरायला लावायला, सुरुवात झाली होती आणि डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला, तरी खेळाडूला बाहेर काढायचं, त्या दिवशी परत आत सोडायचं नाही, असा नियम आला होता. सरांना ते अजिबात पटत नव्हतं. "फुडच्या वर्षी मैदानावर गाद्या आंथरा म्हणावं," ते म्हणायचे. "आमच्या डोस्क्याला लागलं की सुभेदार तोंडावर पाणी मारायचा आन् बोटं दाखवून किती म्हणून इचारायचा. मी कायम 'दोन' म्हणायचो. त्यो कायम दोनच दाखवायचा!" ही हकीकत त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितली आणि दर वेळी आम्ही पोट धरून हसलो.

मग एका रविवारी तीच हकीकत त्यांनी सलग तीनदा सांगितली. आधी आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. पुढे त्यांना शब्द सापडेनासे झाले. चेंडूला "ते" म्हणायचे, शिट्टीलाही "ते". मुलींवर कधी आवाज न चढवणारा माणूस सरावात एका पोरीच्या अंगावर धावून गेला. एका दुपारी मला त्यांचा फोन आला. सात रस्ता चौकात मोटरसायकल उभी करून ते रस्त्याकडेला थांबले होते.

"मानेसर, हितनं सात रस्ते निघत्यात," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "माजा कुठला?"

मी गेलो, त्यांच्या मोटरसायकलवर त्यांना मागे बसवलं आणि घरी आणलं. वाटेत त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो उजेडासमोर धरून दाखवले. मेंदू वयाच्या मानानं फार आक्रसला होता. सरांच्या बायकोनं, महादेवीवहिनींनी विचारलं, "खेळामुळं झालं का हो हे?" डॉक्टर म्हणाले, "जुन्या मारांमुळे होऊ शकतं. पण जिवंत माणसात ते खात्रीनं सांगता येत नाही." जिना उतरताना सर मध्येच थांबले आणि मला म्हणाले, "म्हंजे मेल्यावर कळंल. मग कळून कुणाला उपेग?"

त्या दिवसापासून त्यांनी "ऊठ की रं" म्हणणं सोडलं. पडद्यावर कुणी पडलं, की ते पुढे सरकून पडद्याजवळ जात आणि तो माणूस कसा उठतो, पाय कुठे टाकतो, हे बघत राहत. मला म्हणायचे, "मानेसर, त्यो डोस्क्याचा नियम वाचा." मी मोबाइलवर शोधून मराठीत सांगायचो. ते मान हलवायचे. थोड्या वेळानं पुन्हा म्हणायचे, "त्यो नियम वाचा की." मी पुन्हा वाचायचो. रियाजनं या काळात एकदाही चेष्टा केली नाही.

त्या वर्षी आमच्या मुली जिल्ह्याचा संघ म्हणून विभागीय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. सामना पुण्याला होता. संघाचा सगळा भार सुजातावर. ही मुलगी करमाळा तालुक्यातली. वडील कुर्डुवाडीला मालधक्क्यावर हमाली करायचे आणि ती सोलापुरात वसतिगृहात राहून शिकत होती. ती पळायला लागली की तिला अडवायला तीन पोरी लागत. निवड समितीची माणसं सामना बघायला येणार होती. तिथून राज्याच्या संघात गेली, पुढे एखादं पदक मिळालं, तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिचा हक्क लागणार होता. घरातलं पहिलं सरकारी माणूस. तिचे वडील अंगावरचा हमालीचा सदरा बदलून, इस्त्रीचा घालून पुण्याला आले होते. प्रशिक्षक अजून सरच होते; त्यांना एकटं सोडणं बरं नाही, म्हणून मीही बरोबर गेलो होतो.

पूर्वार्धातच टॅकल करताना सुजाताचं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आदळलं. ती पडली. आम्ही उठेपर्यंत ती स्वतःच उठली, हात झटकले, "ठीक हाय, ठीक हाय" म्हणाली. मात्र उठल्यावर ती चालत गेली ती समोरच्या संघाच्या रांगेकडे. क्षणभर तिथेच उभी राहिली, मग हसली आणि आपल्या जागेवर परत आली. प्रेक्षकही हसले. मला वाटलं, गोंधळली असेल धावपळीत.

सर सरळ मैदानात शिरले. पंचांनी शिट्टी वाजवली तरी थांबले नाहीत. हात वर करून ते ओरडत होते, "साकु! साकु! दिलीप, भायेर ये! दिलीप!"

दिलीप कोण, हे कुणालाच कळेना. सरांनी सुजाताचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाहेर आणलं. आमच्या जिल्हा संघटनेचे सचिव धावत आले. "सर, अहो, ही सुजाता! तिला काही झालेलं नाही. आत सोडा तिला, समितीची माणसं बघताहेत!" सुजाता हिसडे देत होती. "सर, मी बरी हाय! सोडा की मला!" तिचे वडील दोरीपलीकडे हात जोडून उभे होते, सरांना जोडले होते की देवाला, सांगता येत नव्हतं.

सरांनी तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाले, "सुजाता. तू खेळायची न्हाईस." आणि मनगट सोडलं नाही.

आम्ही हरलो. निवड दुसऱ्या मुलींची झाली. परतीच्या बसमध्ये सुजाता खिडकीला डोकं लावून रडत होती. टेंभुर्णी मागे पडल्यावर सर जागेवरून उठून तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "माजं वाटुळं केलंत तुमी." सर म्हणाले, "व्हय." तिथेच, तिच्या सीटच्या दांड्याला धरून ते सोलापूर येईपर्यंत उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात संघटनेची बैठक झाली. सचिवांनी सरळ सांगितलं, सरांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, मुलीला कुणी दिलीप समजून त्यांनी बाहेर काढलं. मी उभा राहिलो आणि तो नियम वाचून दाखवला. संशय असला तरी बाहेर काढायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सचिव काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नियम बरोबर आहे हो, मानेसर. पण त्यांनी नियमानं काढलं, का भ्रमात काढलं?" मी मोबाइल खिशात ठेवला. महिन्याभरात नवीन प्रशिक्षक आले. कोच बदलावा की नाही यावर इतके रविवार चर्चा रंगवलेल्या रियाजनं ही बातमी ऐकली आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

दिलीप कोण, ते मला महादेवीवहिनींनी सांगितलं. सर आतल्या खोलीत झोपले होते. "फौजेत ह्यांच्या जोडीला खेळायचा. सातारकडचा पोरगा. एका सामन्यात डोस्क्याला लागून पडला. ह्यांनीच त्याला हात दिला, ऊठ की रं म्हणाले. उठला. परत खेळला. दुसऱ्यांदा लागलं, त्यातनं मग उठलाच न्हाय." वहिनी पदरानं हात पुसत होत्या. "मेला न्हाय, तसाच पडून राहिला गावाकडं. बोलणं न्हाय, वळख न्हाय. हे दर साली त्याला बघून यायचे. कुटं जाताय म्हणलं तर सांगायचे न्हाईत. तो गेला तवा कळलं मला."

सरांचे पुढचे दिवस वाईट गेले. शाळा सुटली. मग एकटं बाहेर पडणं सुटलं. मग जेवण भरवावं लागायचं. रियाज रविवारी त्यांच्या घरी जाऊन टीव्हीवर सामना लावायचा. सर खुर्चीत बसून पडद्याऐवजी रियाजच्या तोंडाकडे बघत राहायचे. "सर, वो कोच को फिर निकाल दिए," रियाज सांगायचा. सर पाहुण्याशी बोलावं तसं अदबीनं म्हणायचे, "बरं, बरं. चा घेणार का?" एकदा रियाजनं त्यांच्या मांडीवर चेंडू ठेवला. त्यांनी तो चाचपला, इकडून तिकडून फिरवला आणि वहिनींना विचारलं, "हे कुणाचं हाय? त्यांचं त्यांना देऊन टाका." रियाज बाहेर येऊन माझ्यासमोर ढसाढसा रडला.

भर उन्हाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. गावाकडे नेऊन, त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे शेतात दफन केलं. जुन्या मुली बऱ्याच आल्या होत्या. सुजाता नव्हती.

ती आली महिन्याभरानं. मी वहिनींकडे पेन्शनच्या कामाला गेलो होतो, तेव्हा ती दारात उभी होती. चाकणकडे एका गोदामात काम करत होती. पार्सलं भरायचं काम. पोलीस भरतीचं जमलं नव्हतं. पुण्याच्या त्या सामन्यानंतर तिनं चेंडूला हात लावला नव्हता. ती वहिनींच्या पाया पडली आणि भिंतीला टेकून बसली.

वहिनींनी विचारलं, "राग गेला का, पोरी?"

"न्हाय, काकू," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? कामावर उभं राहून पाय दुखले की सरच आठवत्यात. डोकं माजं चांगलं हाय. हिशेब येतोय, नावं ध्यानात राहत्यात. आता ते सरांमुळं चांगलं हाय, का तसंबी चांगलंच राहिलं असतं, ते कुणाला इचारू? कळायला मार्गच न्हाय. कळलं असतं तर एकतर पाया तरी पडले असते, न्हायतर भांडले तरी असते."

वहिनी उठल्या, आत गेल्या, ताटात भाकरी आणि आमटी घेऊन आल्या आणि तिच्यापुढे ठेवली.

"असू दे राग," त्या म्हणाल्या. "ध्यानात हाय तवर असू दे. शेवटी ह्यांना माजं नाव बी येत न्हवतं."

सुजातानं भाकरी मोडली. तिला संध्याकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला, वडिलांकडे जायचं होतं. ती सावकाश जेवली, ताट स्वतः घासून ठेवलं आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली.